दोन फुटी रीफ टाकीत कोणाला जागा द्यायची? नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याची सुरुवात करणाऱ्यांसाठी

रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याचे मासे, कोळंबी आणि प्रवाळ एकत्र ठेवायची टाकी. खाऱ्या पाण्याचे मासे घ्यायला नाशिककरांना बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ला, आणि परतीच्या वाटेवर कसारा घाट. घरी आल्यावर ‘हा मासा चुकला’ असं लक्षात आलं तर तो परत करायला पुन्हा पावणेदोनशे किलोमीटर कोण जाणार? शिवाय दगडांच्या कपारीत घुसलेला मासा जाळीने सापडत नाही. त्याला पकडायला सगळी दगडांची रचना उपसावी लागते. म्हणून यादी घरी बसून, कागदावर, नग आणि क्रम लिहून तयार करायची आणि दुकानात त्या यादीबाहेरचं काहीही घ्यायचं नाही. पुढचं सगळं ही यादी कशी करायची याबद्दल आहे.

आधी पाणी मोजा, मग मासे

२४ × १५ × १५ इंचांची टाकी धरू. काठोकाठ भरली तर तिच्यात ८८ लिटर पाणी मावतं. पण वरचे दोन बोटं मोकळे ठेवायचे असतात. आठ-दहा किलो दगड आणि अडीच-तीन सेंटिमीटर वाळूचा थर गेला, की हाती उरतं सुमारे ७० लिटर. यादी या ७० लिटरवर करायची, काचेच्या मापावर नाही. यात चार छोटे मासे सुखाने राहतात. पाचवा बसेलही, पण त्याचा भार नायट्रेटवर (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारं द्रव्य) दिसू लागतो आणि हद्दीची भांडणं सुरू होतात.

मासे आणण्याआधी टाकी ‘सायकल’ झालेली असावी, म्हणजे अमोनिया खाणारे जीवाणू दगडांवर वाढलेले असावेत. रिकाम्या टाकीत अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) न्यावा. तो आणि त्यापासून जीवाणू बनवतात ते नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. ‘एक स्वस्तातला डॅमसेल सोडा, तो सायकल करून देईल’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो मानू नका. माशाचे कल्ले अमोनियाने भाजतात, आणि त्यातून तो जगलाच तर पुढे सगळ्या टाकीचा दादा होऊन बसतो.

मीठ (स्वयंपाकाचं नव्हे, मत्स्यटाकीसाठीचं सागरी मीठ) लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे ७० लिटरला २.६ किलो. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६. ती रिफ्रॅक्टोमीटरनेच (पाण्याच्या थेंबातून क्षारता दाखवणारं मापक) बघा, आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. प्लास्टिकचा काटा असलेले स्वस्त मापक बुडबुडे चिकटले की खोटं सांगतात.

पाण्याबाबत आपल्याकडे एक खास धोका आहे. नाशिकच्या घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांची जुनी सवय आहे, आणि हल्ली पिण्याच्या आरओ यंत्रातही ‘कॉपर’ कार्ट्रिज असतं. तांबं हे कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ यांच्यासाठी विष आहे, अगदी थोड्या प्रमाणातही. तांब्याच्या घागरीतलं पाणी टाकीत कधीही ओतू नका. आरओला कॉपर किंवा मिनरल कार्ट्रिज असेल, किंवा चव राखण्यासाठी थोडं मूळ पाणी मिसळणारा टीडीएस स्क्रू असेल, तर ते पाणी रीफसाठी निरुपयोगी. आरओच्या मेम्ब्रेननंतर लगेच नळी काढून तिला डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) जोडा. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं) शून्य दिसलं पाहिजे.

नाशिकची हवा यादी ठरवते

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खालीही जातो. टाकीला मात्र बारा महिने २५-२६ अंश हवे असतात. वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली तापणाऱ्या खोलीत टाकी ठेवू नका. पश्चिमेच्या खिडकीजवळही नको. हिवाळ्यासाठी १०० वॅटचा हीटर पुरतो.

उन्हाळ्यात पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा नाशिकमध्ये चांगलं काम करतो, कारण हवा कोरडी असते. बाष्पीभवन झपाट्याने होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईकर मित्राने ‘पंख्याने काही होत नाही’ असं सांगितलं तर ते त्याच्या दमट हवेत खरं आहे. पावसाळ्यात आपल्याकडेही पंख्याचा गुण उतरतो, पण तेव्हा उकाडाही कमी असतो. मेमध्ये बंद घरात पाणी २९ च्या वर जात असेल तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसी यांना पर्याय नाही.

पंख्याची किंमत मिठात मोजावी लागते. रोज तीन लिटर पाणी उडालं, तरी मीठ मागेच राहतं. एका दिवसात क्षारता ३५ वरून साडेछत्तीसच्या पुढे जाते, दोन दिवसांत ३८ च्या वर. मासे हे काही काळ सोसतात, कोळंबी आणि गोगलगाई सोसत नाहीत. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्यानेच घालायची, मिठाच्या पाण्याने नाही. स्वयंचलित टॉप-अप बसवलात तर उत्तम. तो नसेल आणि घर दिवाळीत चार दिवस बंद राहणार असेल, तर यादीत कोळंबी धरूच नका.

वीज गेली की पाण्यातला प्राणवायू सगळ्यात आधी घटतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) १० वॅटच्या आसपास घेतो, त्याला इन्व्हर्टरवर जोडा. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवाच.

कायद्याने कशाला हात लावायचा नाही

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि पाइपफिश, समुद्री काकड्या, मोठे ट्रायडॅक्ना शिंपले हे सगळे येतात. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी ते चालत नाही. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो. तोही घेऊ नका. मानवनिर्मित सिरॅमिक किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड जीवाणूंना तितकेच चालतात, फक्त पिकायला वेळ जास्त घेतात.

अलिबाग, काशीद, गणपतीपुळ्याला सहलीला गेल्यावर डबक्यातला खेकडा, शंख, समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटणारा प्राणी) बाटलीत भरून आणायचा मोह होतो. त्यातले काही संरक्षित असतात, काही रात्री मासे खातात, आणि कोन शंखाचा डंख माणसाच्या जिवावर बेतू शकतो. किनाऱ्यावरचं सगळं किनाऱ्यावर राहू द्या.

मासे: चार जागा, चार वेगळे स्वभाव

यादी करताना माशाचं दुकानातलं माप बघू नका, पूर्ण वाढीचं बघा. आणि चौघे टाकीच्या वेगवेगळ्या भागांत राहणारे निवडा: कोणी मध्यात, कोणी दगडाच्या आडोशाला, कोणी वाळूत. एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितला की ७० लिटरमध्ये हरलेल्याला पळायला जागा नसते.

पहिल्या दोन जागा ऑसेलारिस क्लाउनफिशच्या जोडीला. पाळीव पैदाशीचेच मागा. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला क्लाउन घ्यायचं काही कारण उरत नाही. पैदाशीचा मासा दाण्याला सरावलेला असतो आणि रोग कमी आणतो. जोडी जुळवणं सोपं आहे. हे सगळे मासे नर म्हणूनच वाढतात, आणि दोघांतला वरचढ पुढे मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक स्पष्ट लहान असे दोन घ्या. सारख्या मापाचे दोन घेतले तर वरचढ कोण हे ठरवताना फाटलेले पर दिसतील. तिसरा क्लाउन नको, आणि मरून क्लाउन तर अजिबात नको, त्याची मादी १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि टाकी एकटीची मानते.

क्लाउनला समुद्रफूल लागतंच असं नाही. समुद्रफुलाला मात्र किमान सहा महिने ते वर्षभर स्थिर झालेली टाकी आणि भरपूर प्रकाश लागतो. नव्या टाकीत ते जागा शोधत फिरतं, वेव्हमेकरमध्ये अडकतं, आणि त्याच्या चिंधड्यांनी एका रात्रीत सगळं पाणी नासतं. पहिल्या वर्षी समुद्रफूल नाही, हे पक्कं धरा.

तिसरी जागा वाळूतली: पिवळा वॉचमन गोबी, पूर्ण वाढ ८ ते १० सेंटिमीटर. त्याच्यासोबत टायगर पिस्टल कोळंबी घेतली तर टाकीतलं सगळ्यात सुंदर दृश्य रोज दिसतं. कोळंबीला दिसतं कमी. ती बीळ खणते, एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते, आणि धोका दिसताच गोबी शेपटी हलवून तिला आत पाठवतो. पण ही कोळंबी वाळू उपसते, त्यामुळे दगड आधी काचेवर टेकवा आणि नंतर भोवती वाळू भरा. वाळूवर उभा केलेला दगड पोखरला जाऊन गोबीवर किंवा काचेवर पडतो.

चौथी जागा फायरफिशला द्या. तो ७-८ सेंटिमीटरचा, मध्यात तरंगणारा, भित्रा, कोणाच्या वाटेला न जाणारा. एकच घ्या, दोन घेतलेत तर एक दुसऱ्याला मारतो. तो घाबरला की थेट वर झेपावतो, म्हणून पाच-सहा मिलिमीटर भोकांची जाळी चौकटीत ताणून झाकण करा. वायरसाठी ठेवलेली कोपऱ्यातली फटही बुजवा. जमिनीवर वाळून गेलेले फायरफिश बहुतेक अशाच फटीतून गेलेले असतात.

फायरफिश मिळाला नाही तर बांगाई कार्डिनल एकटा, किंवा साडेतीन सेंटिमीटरचा पिवळा क्लाउन गोबी. बांगाई इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या भोवतीच नैसर्गिकरीत्या आढळतो आणि अतिपकडीमुळे संकटात आहे, तेव्हा तो पैदाशीचा असेल तरच घ्या.

आता यादीत कधीच येऊ नयेत असे. डॅमसेल सगळ्यात स्वस्त असतात. तीनपट्टी आणि डॉमिनो लहानपणी गोंडस दिसतात आणि सहा महिन्यांत नवीन आलेल्या प्रत्येकाला फाडतात. हिरवे क्रोमिस पाच घेतले की हळूहळू एक उरतो. ब्लू टँग, म्हणजे मुलांचा लाडका निळा मासा, ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला पाचशे लिटरही कमी पडतात. बॅटफिश तीन इंचांचा विकतात, तो पुढे ताटाएवढा होतो. फुलपाखरू मासे प्रवाळ खातात. क्लीनर रॅस समुद्रात दिवसभर दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून जगतो. चार माशांच्या टाकीत त्याची उपासमार होते.

मँडरिन माशाबद्दल थोडं सविस्तर, कारण तो बघून प्रत्येकाचा निश्चय डळमळतो. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो आणि बहुतेक मँडरिन दाणा ओळखतच नाहीत. ७० लिटरमधले कोपेपॉड तो दोन-तीन आठवड्यांत संपवतो. मग पोट आत जातं, डोक्यामागचा भाग खपाटीला लागतो, आणि रंग मात्र शेवटपर्यंत झळाळत राहतो. त्यामुळे मासा उपाशी आहे हे मालकाला उशिरा कळतं. छोट्या टाकीत त्याला नेऊ नका.

बिनकण्याची मंडळी

माशांपेक्षा इथे चुका जास्त होतात, कारण हे प्राणी स्वस्त असतात आणि मुठीने विकले जातात. ‘सफाई पथक’ म्हणून तीस गोगलगाया घेतल्या तर महिन्याभरात शेवाळ संपतं, त्या उपाशी मरतात आणि प्रत्येक मेलेली गोगलगाय पाण्यात अमोनिया सोडते.

पाच ट्रोकस आणि तीन नसारियस जातीच्या गोगलगायींनी सुरुवात करा. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सरळ होते, अॅस्ट्रियाला ते जमत नाही, तिला रोज शोधून सरळ करावं लागतं. नसारियस वाळूत दडते आणि खाण्याचा वास येताच सोंड बाहेर काढते. ती शेवाळ खात नाही, उरलेलं अन्न खाते. मोठ्या टर्बो गोगलगायी काच झकास घासतात, पण सैल ठेवलेले प्रवाळाचे तुकडे पाडत जातात. हर्मिट खेकडे दोन पुरेत. त्यांच्यासाठी थोड्या मोठ्या मापाचे चार-पाच रिकामे शंख ठेवा, नाहीतर घरासाठी ते गोगलगाय मारतात. हे शंख दुकानातूनच घ्या.

कोळंबीत सर्वांत चांगली क्लीनर कोळंबी, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली. एक पुरे. कोरल बँडेड कोळंबी देखणी आहे, पण तिला दुसरी कोळंबी सहन होत नाही, म्हणून दोन्हींतली एकच. दगडावर काचेसारखी तपकिरी आयप्टेशिया (उपद्रवी छोटी समुद्रफुलं) उगवली तर पेपरमिंट कोळंबी उपयोगी पडते. तिच्या नावाने उंटाच्या कुबडासारखी पाठ असलेली कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाते. कॅमलच्या अंगावर लालपांढरी नक्षी ठळक असते, आणि ती मऊ प्रवाळ कुरतडते.

तारामासे टाळा. निळा लिंकिया महिनोन्‌महिने हळूहळू उपासाने झिजतो, आणि चॉकलेट चिप प्रवाळ खातो. फ्लेम स्कॅलॉप हा शिंपला पाणी गाळून खाणारा, त्याचीही उपासमार होते. आणायचाच तर एखादा छोटा सर्पतारा आणा, पण हिरवा नको, तो रात्री झोपलेले मासे धरतो.

प्रवाळांत सुरुवात मऊ प्रवाळांनी: मशरूम, झोअँथिड, लेदर. प्रकाश मध्यम, क्षारीयता ८-९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे सात लिटर पाणी बदललं तर वेगळे डोस लागत नाहीत. झोअँथिडपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यांचा दगड कधीही गरम पाण्यात उकळू किंवा घासू नका, वाफेतूनही विषबाधा होते.

कोण कधी

टाकी सायकल झाल्यावर काचेवर तपकिरी थर आणि मग हिरवं शेवाळ दिसू लागेल. तेव्हा गोगलगायी. दोन आठवड्यांनी फायरफिश, कारण तो सर्वांत भित्रा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी गोबी आणि त्याची कोळंबी, मग क्लीनर कोळंबी, आणि सगळ्यात शेवटी क्लाउनची जोडी. क्लाउन आधी आले तर टाकी आपलीच समजतात. प्रत्येक नवा प्राणी सोडल्यानंतर आठवडाभर अमोनिया तपासा. ०.२५ पीपीएम जरी दिसला तरी पुढची खरेदी थांबवा.

दुकानात आणि घाटात

तुमच्यासमोर मासा खाताना दाखवा म्हणून सांगा. नकार मिळाला तर मासा नको. तो दुकानात येऊन आठवडा-दहा दिवस झालेला असावा. श्वास जलद असेल, अंगावर मिठासारखे ठिपके किंवा मखमली धूळ असेल, क्लाउनच्या कातडीवर पांढरट चिकट थर असेल, पोट आत गेलेलं असेल, तर ती टाकी सोडा. शेजारचे मासे निरोगी दिसले तरी त्या पाण्यातले घेऊ नका.

मग दोन प्रश्न विचारा: पाण्याची घनता किती, आणि औषध म्हणून तांबं घातलंय का? बरेच दुकानदार माशांचं पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, मीठ वाचतं आणि परजीवी कमी होतात. तांबं असलेल्या पाण्यातून कोळंबी आणि गोगलगाय घेऊ नका.

आदल्या दिवशी माशांना खायला न घालण्याची विनंती करा. दुहेरी पिशवी, एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू, प्रत्येक प्राणी वेगळा. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. मेमध्ये पहाटेच निघा. घाटात दोन तास गाडी अडकली तर खोकं डिकीत न ठेवता एसीत ठेवा.

घरी आल्यावर

मासे थेट मुख्य टाकीत नाहीत. ४० लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि दोन पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढ्यात विलगीकरण होतं. या टाकीचं पाणी आधीच दुकानाच्या घनतेवर आणून ठेवा, म्हणजे तापमान जुळवलं की मासा पंधरा मिनिटांत सोडता येतो. मग रोज ०.००१ ते ०.००२ ने घनता वाढवत नेऊन १.०२५ वर पोचा. चार आठवडे थांबा. वर दिलेला क्रम मुख्य टाकीत सोडण्याचा आहे, हे चार आठवडे त्याआधीचे.

पिशवी उघडी टाकून तासन्‌तास थेंब थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो.

कोळंबी आणि गोगलगाईंचं वेगळं आहे. क्षारतेतला झटका त्यांना मारतो, म्हणून त्यांना भांड्यात घेऊन नळीने सेकंदाला एक-दोन थेंब असं तास-दीड तास जुळवा. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

विलगीकरण टाळलं आणि पांढरे ठिपके मुख्य टाकीत आले, तर तिथे तांब्याचं औषध घालता येत नाही, सगळी कोळंबी मरेल. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करायचे आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची, म्हणजे परजीवी उपासाने संपतात. चार आठवड्यांचं विलगीकरण त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

खायला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकं. गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) उत्तम. बाजारातली ताजी कोळंबी धुऊन अगदी बारीक चिरून आठवड्यातून दोनदा चालते. वाळवलेला जवळा नको, त्याने फॉस्फेट वाढतं आणि शेवाळ उसळतं.

पावसाळ्यात डेंग्यूसाठी गल्लीत धूरफवारणी होते, तेव्हा खिडक्या लावा आणि एअर पंप अर्धा तास बंद ठेवा. डासांच्या बहुतेक औषधांतली पायरेथ्रॉइड द्रव्यं कोळंबीला माणसाच्या मानाने कैक पटींनी विषारी आहेत, आणि पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. डासांची कॉइल, स्प्रे, झुरळाचं औषध, दिवाळीचा ताजा रंग यांनाही हाच नियम.

आणि कधी सकाळी क्लीनर कोळंबी दगडाखाली आडवी, पारदर्शक, निश्चल पडलेली दिसली, तर लगेच बाहेर काढून फेकू नका. आत पोकळ आहे का ते बघा. दर काही आठवड्यांनी ती कात टाकते, आणि नवं कवच कडक होईपर्यंत दिवस-दोन दिवस कपारीत लपून बसते.